निजलेलें झाड विकत घ्यावें

(लेखक : ठाकूरद्वार, मुंबई येथील एक सेवानिवृत्त महसूल कारकून)

ज्येष्ठ महिना जवळ आला म्हणजे आमच्या ठाकूरद्वारच्या चाळींतून एक ठराविक देखावा दृष्टीस पडतो. गांवाकडे निघालेल्या बिऱ्हाडाच्या सामानांत, बोचकीं आणि पेट्या यांच्या जोडीला, काळ्या प्लास्टिकच्या पिशव्यांतील आठदहा हिरवीगार रोपें एका गोणपाटांत उभीं करून ठेवलेलीं असतात. घरधनी त्यांना लेंकराप्रमाणें जपत असतो. एस्. टी.मध्यें तीं पायांशीं धरून बसावें लागतें, कोंकण रेल्वेच्या डब्यांत शेजाऱ्यांचीं बोलणीं ऐकावीं लागतात, आणि गांवीं पोंचेपर्यंत निम्म्या पिशव्या फुटून माती सांडलेली असते. पुढच्या शिमग्याला हाच गृहस्थ गांवीं जातो, तेव्हां त्या आठदहांपैकीं दोनतीन रोपें जिवंत सांपडतात. "आमच्या जमिनींत कांहीं होत नाहीं," असा निकाल देऊन तो परत येतो. हा निकाल बहुतेक वेळां चुकीचा असतो. दोष जमिनीचा नसून खरेदीचा असतो असें माझें मत झालें आहे. आणि तें स्वतः ठेंच खाल्ल्यावर झालेलें असल्यामुळें आपल्या मासिकाच्या वाचकांपुढें मांडण्याचें धाडस करीत आहें.

मी शेतकी शास्त्राचा पदवीधर नव्हें. माझें शिक्षण मराठी शाळेंत झालें आणि आयुष्य महसूल खात्याच्या दप्तरांत गेलें. सात-बाराचे उतारे, फेरफार, पीकपाहणी यांच्या निमित्तानें दुसऱ्यांच्या जमिनी पुष्कळ पाहिल्या. स्वतःच्या जमिनीकडे पाहण्यास मात्र सवड मिळाली नाहीं. अखेर मुदतीपूर्वींच सेवानिवृत्ति पत्करली, त्यास आतां चार पावसाळे झाले. माणगांव तालुक्यांत माझी वडिलार्जित सव्वादोन एकर जमीन आहे. पैकीं थोडी भाताची, बाकीची वरकस. पूर्वीं वरकसांत नाचणी-वरी होत असे. आज कित्येक वर्षें ती पड आहे. गिरगांवांतील शेंकडों घरांची हीच स्थिति आहे : जमीन कोंकणांत, माणूस चाळींत, आणि दोघांची गांठ वर्षांतून दोनदां किंवा तीनदां. अशा मालकानें झाड कोणतें, केव्हां आणि कोणत्या अवस्थेंत विकत घ्यावें, एवढाच प्रश्न या लेखांत आहे.

माझें उत्तर असें कीं, जें झाड वर्षांतून एकदां पानें टाकून निजतें, तें निजलेलें असतांनाच, मातीशिवाय, उघड्या मुळांचें विकत घ्यावें. आणि त्याला जाग येण्याच्या सुमारास जमिनींत लावावें. थंड मुलुखांत ही रीत फार जुनी आहे. युरोपांत पानगळीचीं झाडें हिंवाळ्यांत वाफ्यांतून उपटून, मुळें झाडून, जुड्या बांधून विकतात, आणि वसंतांत पालवी फुटण्यापूर्वीं तीं लावून टाकतात. आपल्या देशांत हिमाचल प्रदेश व काश्मीर येथें सफरचंदाचीं रोपें याच प्रकारें डिसेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत हातोहात जातात. पाहणाऱ्यास ती वाळलेली काटकी वाटते. माहितगार मात्र वरच्या काटकीकडे न पाहतां खालचें मूळ पाहतो.

यांतील तत्त्व समजण्यास फारसें शास्त्र लागत नाहीं. रोप उपटलें कीं त्याचीं बारीक तंतुमुळें तुटतात, आणि पाणी शोषून घेणारीं तींच असतात. अशा वेळीं अंगावर पानें असलीं, तर तीं वाऱ्याउन्हांत पाणी उडवीत राहतात. जमा बंद आणि खर्च चालू, अशी त्या रोपाची अवस्था होते. परंतु झाड निजलेलें असतांना त्यानें आपली शिल्लक खोडांत व मुळांत पिष्टाच्या रूपानें सांठवून ठेवलेली असते. पानें नाहींत म्हणून खर्च नाहीं. ओल मिळतांच त्या शिलकेवर नवीं मुळें व नवा कोंब फुटतो. म्हणून निजलेल्या झाडाला जागा बदलल्याचा त्रास होत नाहीं, आणि जाग्या झाडाला तो सोसत नाहीं.

आतां कोणी म्हणेल कीं, आमच्या कोंकणांत बर्फ कोठें आहे, आणि तेथें झाडें निजणार कशीं ? येथेंच आपली समजूत सुधारण्याची गरज आहे. साग, पळस, सावर, पांगारा हीं आपल्या डोंगरांतलीं झाडें शिशिरापासून उन्हाळ्यापर्यंत कमीजास्त काळ पानांवांचून उभीं असतात, हें सर्वांनीं पाहिलेलें आहे. हिमाचलांतलें झाड थंडीनें निजतें, आमचें झाड तहानेनें निजतें, फरक एवढाच. त्यांचा वसंत सूर्य आणतो, आमच्या सागाचा वसंत मृगाचा पाऊस आणतो. अर्थात् लावणीचें पंचांग परमुलुखांतून उचलून चालणार नाहीं. जानेवारींत उघड्या मुळांचें रोप लावणें हा तिकडे शहाणपणा असेल. आमच्या वरकसांत पाण्याची सोय नसतां तसें करणें म्हणजे त्या रोपाला पांच महिन्यांच्या दुष्काळांत लोटणें होय.

या रीतीचें आपल्या प्रांतांतील उत्तम उदाहरण म्हणजे सागाची जडी. वनखात्यांत हिला स्टंप असेंही म्हणतात. गादीवाफ्यावर सागाचें बीं पेरून सुमारें एक वर्षाचें, अंगठ्याएवढ्या जाडीचें रोप तयार झालें म्हणजे तें उपटतात. मग धारदार कोयत्यानें वरचें खोड दोनतीन सेंटिमीटर ठेवून छाटतात, खालचें सोटमूळ १५ ते २० सेंटिमीटर ठेवून तोडतात, आणि बाजूचीं मुळें खरडून काढतात. उरतो तो गाजरासारखा एक वीतभर तुकडा. ना पान, ना माती. ओल्या वाळूंत, सावलींत पुरून ठेवली तर जडी बरेच दिवस टिकते. पाऊस सुरू होतांच पहारीनें भोंक पाडून ती सरळ आंत सोडावयाची, आणि माती घट्ट दाबावयाची, एवढेंच लावणीचें काम. शंभर जड्या एका कापडी पिशवींत मावतात. शंभर पिशव्यांचीं रोपें न्यावयाचीं तर टेंपो करावा लागतो.

आतां माझी हकीकत. निवृत्तीनंतर जी रक्कम हातीं आली, तींतून वरकसांत साग लावावा असें मनानें घेतलें. शहरांतून रोपें पसंत करतांना माझा डोळा, इतर शहरी माणसांप्रमाणेंच, हिरव्या पानांवर गेला. कंबरभर उंचीचीं, रुंद पानांचीं १२० रोपें पिशव्यांसह घेतलीं. जड्यांच्या मानानें कितीतरी पट पैसे मोजले, टेंपोचें भाडें निराळें. त्याच आठवड्यांत बांधाला बांध असलेल्या शेजाऱ्यानें आपल्या लावणींतून उरलेल्या शंभर जड्या मला देऊं केल्या. तीं वाळकीं लांकडें पाहून मला हंसूं आलें. परंतु नको म्हटलें तर वाईट दिसेल, म्हणून वरच्या उतारावर एका कातकरी गड्याकडून अर्ध्या दिवसांत लावून घेतल्या, आणि त्यांचा विचार सोडून दिला.

मोजदाद करण्याची खोड नोकरीनें लागलेली असल्यामुळें दुसऱ्या वर्षीं शिमग्याला दोन्ही तुकड्यांची गणती केली. पिशवींतल्या १२० पैकीं ५१ उभीं होतीं, आणि त्यांतलींही कांहीं वाऱ्यानें कललेलीं. शंभर जड्यांपैकीं ८३ जिवंत होत्या. पहिल्या वर्षीं जड्यांचे कोंब रोपांहून खुजे होते. दुसऱ्या पावसाळ्यांत त्यांनीं रोपांना गांठलें, आणि आज त्या उंचीनें पुढें आहेत. माझी मुलें मला यावरून कांहीं बोलत नाहींत, परंतु घरांत सागाचा विषय निघाला कीं पत्नी मंदपणें हंसते, आणि तेवढें मला पुरें होतें.

मेलेल्या रोपांपैकीं कांहीं मीं कुदळीनें खणून पाहिलीं, तेव्हां खरें कारण उमगलें. पिशवींत फार दिवस राहिलेल्या रोपाचें सोटमूळ तळाशीं टेंकून वळलेलें होतें, आणि पिशवीच्या आंत घड्याळाच्या कमानीसारखीं वेटोळीं घालून बसलें होतें. जमिनींत गेल्यावरही तें वेटोळें सुटलें नाहीं. वर दांडगें झाड आणि खालीं विटेएवढा मुळांचा गोळा. असें झाड उन्हाळ्यांत तहानेनें मरतें, नाहीं तर वाऱ्यानें पडतें. पिशवी अपारदर्शक असल्यामुळें विकत घेतांना यांतील कांहीं दिसत नाहीं. दप्तर बांधलेलें ठेवून नुसत्या वेष्टणावर शेरा मारावा, तशी ती खरेदी झाली. उघड्या मुळांच्या रोपांत लपविण्यास जागा नसते, हा त्याचा सर्वांत मोठा गुण मी मानतों.

याचा अर्थ पिशवी टाकाऊ आहे, असा नव्हे. सदापर्णी झाडें कधींच पुरतीं निजत नाहींत. त्यांचीं मुळें उघडीं केलीं तर तीं मरतात. आंबा, काजू, फणस, चिकू यांचीं कलमें मातीच्या गड्ड्यासह किंवा पिशवींतूनच घेतलीं पाहिजेत, आणि तीं दापोलीच्या कृषि विद्यापीठाच्या रोपवाटिकेसारख्या खात्रीच्या ठिकाणाहून घ्यावींत. मात्र तेथेंही पिशवींत एका वर्षाहून अधिक काळ कोंडलेलें कलम घेऊं नये, आणि तळाचीं वळलेलीं मुळें लावण्यापूर्वीं कापून टाकावींत. नारळाची गोष्ट मधलीच आहे : त्याचें रोप वाफ्यांतून उपटून उघडेंच नेतात, परंतु त्याची शिधोरी त्या नारळांतच असते. म्हणून तें पानाला धरून ओढूं नये, व लावण्यास फार दिवस लावूं नयेत. कोणतें झाड निजतें आणि कोणतें निजत नाहीं, हें ओळखणें ही या विषयाची पहिली पायरी होय.

या पायरीवर मी एकदां घसरलों, तेंही सांगितलें पाहिजे. अलीकडे उष्ण प्रदेशांत येणाऱ्या सफरचंदांचा बराच बोलबाला आहे. हिमाचलांतील बिलासपूर जिल्ह्याचे शेतकरी श्री. हरिमन शर्मा यांनीं सखल व उष्ण भागांत फळणारी 'एच. आर. एम. एन. ९९' ही जात पुढें आणली, आणि या कामाबद्दल त्यांना २०२५ सालीं पद्मश्री मिळाली. त्यापूर्वींही इस्रायलांतील 'ॲना' आणि बहामा बेटांतील 'डॉर्सेट गोल्डन' या कमी थंडीच्या जाती प्रसिद्ध होत्या. सामान्य सफरचंदास ७ अंश सेल्सिअसखालील थंडीचे सुमारें ८०० ते १२०० तास लागतात. या जातींस पुष्कळ कमी पुरतात. हें वाचून मीं एका रोपवाल्याकडून सहा काड्या पौष महिन्यांत टपालानें मागविल्या. पुडकें चाळींत आलें, त्या आठवड्यांत घरीं लग्नकार्य होतें. पुडकें गॅलरींत, पश्चिमेच्या उन्हांत, सहा दिवस पडून राहिलें. उघडलें तेव्हां मुळें चहाच्या गाळासारखीं कोरडीं झालीं होतीं. लावलीं खरीं, पण एकही फुटली नाहीं. दोष जातीचा नव्हता, पाठविणाऱ्याचाही नव्हता, माझा होता.

तथापि सफरचंदाविषयीं माझें मत सावधपणाचें आहे. कोंकणांत थंडी जेमतेम आणि पाऊस अतोनात. तेथें हौसेखातर दोन झाडें लावावीं, पोटासाठीं लावूं नयेत. देशावर, जेथें डाळिंब-संत्र्यांना पाणी तोडून ताण देण्याची आणि बहार धरण्याची विद्या शेतकऱ्यास अवगत आहे, तेथें झाडाला हातानें निजविणें अशक्य नाहीं. जावा बेटांतील बाटू येथें सफरचंदाचीं पानें हातानें ओरबाडून झाडास फसवितात आणि फळ घेतात. परंतु तो मजुरीचा व निगराणीचा खेळ आहे. वर्षांतून तीनदां गांवीं जाणाऱ्या चाकरमान्याचा नव्हे.

वास्तविक निजलेलें बियाणें लावणें ही आपल्या घरांतील बायकांची फार जुनी विद्या आहे. सुरणाचा गड्डा, हळदीचें व आल्याचें कुडें, निशिगंधाचा कंद, हीं सारीं निजलेलींच असतात. कोंकणांत सुरण पावसापूर्वीं परसांत पुरतात. हळद अक्षय्य तृतीयेच्या आगेमागें लावण्याची वहिवाट आहे. दादरच्या फुलबाजारांत निशिगंधाच्या राशी दिसतात. त्याचे कंद चैत्र-वैशाखांत, विश्रांति घेतलेले, टणक, सुपारीहून मोठे पाहून लावले तर तेच वाफे दोनतीन वर्षें फुलें देतात. चाळीच्या गॅलरींत ऊन येत असेल तर जुन्या डब्यांतही तो येतो. महाबळेश्वर-पांचगणीकडे स्ट्रॉबेरीचीं मातृरोपें परदेशांतून उघड्या मुळांचीं, थंडींत राखून आणतात, आणि त्यांच्या धुमाऱ्यांवर पुढचा सारा हंगाम उभा राहतो. तेथल्या स्ट्रॉबेरीस २०१० सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. शेवग्याचा आणि पांगाऱ्याचा नुसता सोट कुंपणांत रोंवला तरी फुटतो, हें कोणत्याही कुणब्यास ठाऊक आहे. म्हणजे रीत परकी नाहीं. फक्त पैसे देऊन झाड घेतांना आपण ती विसरतों.

आतां घेण्याचे व लावण्याचे नियम. माझ्या चुकांतून जेवढे शिकलों, तेवढेच देतों.

खरेदी करतांना नखानें साल किंचित् खरडून पाहावी. आंत हिरवी व ओलसर असेल तर जीव आहे. तपकिरी व कोरडी असेल तर तें सरपण आहे. मुळाचें टोंक कापून पाहावें. तें पांढरट व रसदार असावें, काळें व आंबट वासाचें नसावें. जडी अंगठ्याएवढी जाड असावी. करंगळीएवढ्या जडींत शिल्लक कमी असते, आणि मनगटाएवढी जडी म्हातारी असते. कोंब आधींच बोटभर फुटलेला असेल तर ती घेऊं नये; तिची झोंप मोडली आहे. कलमी रोप असेल तर सांधा घट्ट जुळला आहे कीं नाहीं, हें वांकवून नव्हे, तर डोळ्यांनीं पाहावें.

वाटेंत मुळास ऊन व वारा लागूं देऊं नये. शेणमातीच्या पातळ काल्यांत मुळें बुडवून, ओल्या गोणपाटांत गुंडाळून, वरून कागद बांधावा. प्लास्टिकमध्यें घट्ट कोंडून उन्हांत ठेवल्यास मुळें उबतात. गांवीं पोंचल्यावर पाऊस नसेल तर सावलींत चर खणून त्यांत रोपें तिरपीं निजवावीं, मातीनें झांकावीं व ओल राखावी. मुंबईस पाऊस येण्याची सरासरी तारीख ११ जून धरतात. परंतु पाऊस तारखेचा बांधील नाहीं, म्हणून ही तात्पुरती सोय आधींच करून ठेवावी. एखाद्या वळिवाच्या सरीवर भुलून लावूं नये. जमीन वीतभर खोल भिजल्यावरच हात घालावा.

लावतांना मोडलेलें मूळ धारदार चाकूनें साफ कापावें. जमिनीची जुनी खूण रोपाच्या अंगावर दिसते. तीच पातळी ठेवावी. जडीची मान मातीच्या बरोबर यावी, कलमाचा सांधा मातीच्या वर राहावा. मूळ वळवून खड्ड्यांत कोंबूं नये; खड्डा मुळाप्रमाणें करावा, मूळ खड्ड्याप्रमाणें करूं नये. मुळाभोंवतीं पोकळी राहिली तर तेथें तें वाळतें अथवा पाणी सांचून कुजतें, म्हणून टांचेनें माती दाबावी. कच्चें शेण मुळाशीं घालूं नये, वाळवी येते. सागास पाणी सांचणारी जमीन सोसत नाहीं, आणि जांभ्याच्या उघड्या कातळावर तो खुरटतो. अशी जागा काजूस सोडावी. पहिलीं दोन वर्षें गवत काढणें, गुरें आवरणें आणि फाल्गुनांत भोंवतालीं वणव्यापासून पट्टा साफ ठेवणें, एवढी चाकरी मालकानें केलीच पाहिजे. अनेक कोंब फुटले तर एकच सरळ कोंब राखावा.

माझ्या मतास दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा कीं, उघड्या मुळांच्या रोपांत फसवणूक सोपी आहे. मेलेलें लांकूडही निजलेलें म्हणून खपवितां येतें. हें खरें आहे. परंतु मेलेली जडी नखानें ओळखतां येते, पिशवींतलें वेटोळें ओळखतां येत नाहीं. शिवाय फसलेल्या जडींत थोडे पैसे जातात आणि एक पावसाळा. फसलेल्या रोपांत बरेच पैसे जातात आणि तें उमगेपर्यंत तीन-चार पावसाळे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. सागाचें उत्पन्न कोणी पाहिलें आहे, असें लोक म्हणतात, आणि तसें म्हणण्याचा त्यांस अधिकार आहे. १९९० नंतरच्या दशकांत सागाच्या लागवडीच्या नांवाखालीं अनेक मंडळ्यांनीं शहरी लोकांकडून पैसे गोळा केले. थोड्या वर्षांत अनेक पट देण्याचीं आश्वासनें दिलीं, आणि पुष्कळांचें मुद्दलही बुडालें. अखेर १९९९ सालीं सेबीला अशा सामूहिक गुंतवणुकीवर नियम घालावे लागले. मी कोणासही सागांतून श्रीमंतीचें आमिष दाखवीत नाहीं. निलांबूर येथें मलबारचे कलेक्टर कॉनली आणि त्यांचे सहकारी चाथू मेनन यांनीं १८४० नंतरच्या दशकांत लावलेल्या सागांपैकीं कांहीं आजही उभे आहेत. लावणाऱ्यांनीं तें लांकूड स्वतःच्या चुलीसाठीं लावलें नव्हतें. एका महसुली अधिकाऱ्याच्या हातून तें काम झालें, याचा मज कारकुनास थोडा अभिमान वाटतो. वांसे आपल्या हयातींत, तुळया नातवांच्या हयातींत, असा हिशेब धरून ज्यास लावावयाचें त्यानें लावावें. पड जमिनीवर रान माजून वणवा लागण्यापेक्षां तेवढें तरी बरें.

येथें माझ्या जुन्या धंद्याची एक सूचना. झाड लावलें कीं काम संपलें, असें समजूं नये. तें कागदावर आलें पाहिजे. महाराष्ट्र झाडें तोडण्याबाबत (विनियमन) अधिनियम, १९६४ या कायद्याखालीं साग, आंबा, फणस, हिरडा इत्यादि झाडें तोडण्यास, तीं खाजगी जमिनींत असलीं तरी, परवानगी लागते. त्या वेळीं झाड कोणाचें, केव्हांचें आणि किती, असे प्रश्न उभे राहतात. सामाईक खात्यांत भाऊबंदांचे तंटे यावरूनच होतात, हें मीं टेबलावर बसून वर्षानुवर्षें पाहिलें. २०२१ पासून ई-पीक पाहणींत शेतकऱ्यानें स्वतः मोबाईलवरून नोंद करावयाची आहे, आणि तींत बांधावरच्या झाडांचीही सोय आहे. लावणीच्याच वर्षीं ती नोंद करावी व सात-बाराचा उतारा काढून पाहावा. पावती, जात, संख्या व लावल्याची तारीख एका वहींत लिहून ठेवावी. वीस वर्षांनीं साक्षीदार हयात असतीलच असें नाहीं. वही असूं शकते.

अखेर आपल्या संघास एक विनंति. एकट्यादुकट्या चाकरमान्यास चांगली जडी वेळेवर मिळत नाहीं; जी मिळते ती उरलेली मिळते. संघानें माघ अखेरपर्यंत सभासदांच्या मागण्या नोंदवून घ्याव्या आणि त्या एकत्र करून वनखात्याच्या अथवा खात्रीच्या खाजगी रोपवाटिकेकडे धाडाव्या. माल ज्येष्ठाच्या आरंभीं एका ठरलेल्या दिवशीं यावा, आणि संघाच्या दोन जाणत्या सभासदांनीं प्रत्येक जुडी सोडून, मुळें पाहून, मगच ती वाटावी. ज्याची जुडी सुकलेली निघेल, ती तेथेंच परत करावी. निशिगंधाचे कंद, सुरणाचे गड्डे व हळदीचें बेणें यांचीही मागणी त्याच यादींत घ्यावी. यांत भांडवल लागत नाहीं. एक यादी, एक दिवस आणि दोन प्रामाणिक माणसें लागतात.

आमच्या चाळींतील जुनीं बिऱ्हाडें एकेक करून उठत आहेत. इमारती पाडून नव्या उभारल्या जात आहेत, आणि मुलें उपनगरांत वा परदेशांत गेलीं आहेत. पुढच्या पिढीस गांवची वाट माहीत राहील किंवा नाहीं, हें सांगवत नाहीं. परंतु ज्या वरकसांत आज नुसतें गवत आहे, तेथें आपल्या हातचीं ऐंशीं-नव्वद झाडें उभीं असलीं, तर निदान तीं मोजण्याच्या निमित्तानें तरी कोणीतरी शिमग्याला गांवीं उतरेल. यंदा माझी मागणी दोनशें जड्यांची आहे. पिशवी कापडी आहे, आणि ती एका हातांत मावेल.